डोळ्यांच्या हालचालींचे उपचार, योग आणि सात दिवसांचं पॅकेज

डिचोलीकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मागच्या पावसाळ्यात त्या भाच्याला मागे बसवून स्कूटरवरून घरी येत होत्या. वळणावर समोरून ट्रक आला आणि स्कूटर घसरली. भाच्याचा पाय मोडला. तो आता ठणठणीत आहे, फुटबॉलही खेळतो. ताई मात्र अजून त्याच वळणावर आहेत. हॉर्न ऐकला की हातपाय गार पडतात, रात्री हेडलाइटचा उजेड अंगावर येतो, स्कूटर अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप थोडी सुधारली. आता कुणीतरी त्यांना 'डोळ्यांचे उपचार' सुचवलेत. किनाऱ्याकडच्या एका केंद्रात त्याचं सात दिवसांचं पॅकेज आहे, सोबत माइंडफुलनेस आणि योग. त्यांना विचारायचंय की हे संमोहन आहे का, सगळं परत सांगावं लागतं का, योग केलाच पाहिजे का (कारण डोळे मिटून अनुलोम-विलोमाला बसलं की तोच ट्रक दिसतो), आणि सात दिवसांत बरं वाटतं का.

ताई, संमोहनापासून सुरुवात करते, कारण आपल्या गोव्यात हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. आडव्या झालेल्या बाईवर हात पसरून उभे असलेले, संमोहनासाठी नावाजलेले ते पाद्री. कांदोळीत १७५६ साली जन्मले, पॅरिसमध्ये १८१९ साली वारले. त्या पुतळ्यामुळे आपल्याकडे 'मनाचा उपचार' म्हटलं की समोरच्याने हात फिरवायचे आणि आपण झोपायचं, असंच चित्र उभं राहतं. गंमत म्हणजे फारियांचं स्वतःचं म्हणणं नेमकं उलट होतं. ताकद हात फिरवणाऱ्यात नसते, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं, हे त्यांनी, उपचार करणाऱ्याच्या अंगातल्या चुंबकीय शक्तीने माणूस बरा होतो अशा गप्पा चालू असताना, ठामपणे मांडलं. तुम्हाला सुचवलेल्या डोळ्यांच्या उपचारात, म्हणजे मी करते त्या ईएमडीआरमध्ये, तर तुम्ही झोपतही नाही. पूर्ण जाग्या असता, खुर्चीत बसलेल्या, डोळे उघडे, आणि हात वर केलात की मी तत्क्षणी थांबते. सूचना देणं, गुंगीत नेणं, 'विसरलेली आठवण' खणून काढणं यातलं काही नसतं. दडलेली आठवण बाहेर काढून देतो असं कुणी म्हणालं, तर पायात चप्पल घाला आणि निघा.

ईएमडीआर म्हणजे आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. नाव इतकं लांब आहे की आमचे पेशंट सरळ 'बोटांची ट्रीटमेंट' म्हणतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो १९८७ मध्ये बागेत फिरत असताना त्यांच्या लक्षात आलं की डोळे इकडून तिकडे भराभर गेल्यावर डोक्यातले त्रासदायक विचार बोथट झाले. १९८९ मध्ये त्यांनी २२ जणांवरचा पहिला अभ्यास छापला. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, आणि मी शिकत होते तेव्हा माझ्या सरांनीही मुरडली होती. पण नंतर अभ्यास साठत गेले. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर महिनोनमहिने टिकून राहणाऱ्या त्रासासाठी, जे मानसोपचार सुचवले त्यात हा घेतला. कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही तो आहे. भारतात २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर याची प्रशिक्षणं झाली.

डोळे हलवल्याने होतं तरी काय? याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं. डोक्यात एक छोटी पाटी असते, आत्ता जे आठवतोय ते मांडून ठेवायची. तुम्ही ट्रकचा उजेड त्या पाटीवर आणलात आणि त्याच वेळी डोळ्यांनी बोटाचा पाठलाग करायला लागलात, की दोघांना जागा पुरत नाही. चित्र फिकं पडतं. फिकं पडलेलं चित्र मग परत जागेवर ठेवलं जातं, तेही फिकंच. डोळ्यांऐवजी गुडघ्यांवर आलटून पालटून थापट्या किंवा कानात डावी-उजवीकडून आवाज, असंही करतात. २००१ मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात डोळ्यांच्या हालचालीने वेगळा फायदा दिसला नव्हता, २०१३ च्या आढाव्यात दिसला. वाद पूर्ण मिटलाय असं मी म्हणणार नाही. एक मात्र अनुभवाने सांगते, या उपचारातला सगळ्यात सोपा भाग म्हणजे डोळे हलवणं. ते तुमचा भाचासुद्धा करून देईल. अवघड असतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. म्हणून कुठल्याही केंद्रात जा, प्रश्न बोटांबद्दल विचारू नका. पहिल्या भेटीत काय करता आणि अर्धवट राहिलं तर घरी कशी पाठवता, हे विचारा.

या पद्धतीचे आठ टप्पे आहेत आणि डोळे येतात चौथ्या टप्प्यात. त्याआधी मी तुमचा सगळा इतिहास घेणार. गोळ्या कुठल्या, फिट येते का, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय का, दारू किती, घरात कुणाचा त्रास आहे का. कधी कधी आपण आपल्या अंगाबाहेर उभे राहून स्वतःला बघतोय असं होतं का, मधले तास गायब होतात का, हे खोदून विचारणार. या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर तयारीलाच महिने लागू शकतात, आणि घाई केली तर माणूस सावरण्याऐवजी विस्कटतो. दुसरा टप्पा तयारीचा. वादळ उठलं तर टेकायला एक जागा मनात पक्की करायची. पुस्तकांत समुद्रकिनारा लिहिलेला असतो. माझ्याकडे आलेल्यांपैकी फार थोड्यांनी समुद्र निवडला. कुणी आजीच्या रांधपाच्या खोलीतला चुलीजवळचा पाट, कुणी देवळाची तळी, एका बाईंनी चक्क फेरीबोटीचा कठडा, कारण पलीकडे पोचेपर्यंत तिथे कुणी काही काम सांगत नाही! दोन्ही हात छातीवर फुलपाखरासारखे ठेवून आलटून पालटून हलके थोपटायची एक पद्धतही शिकवते. ती मेक्सिकोत, अकापुल्कोला १९९७ च्या चक्रीवादळातून वाचलेल्या मुलांसोबत काम करताना निघाली.

आता प्रत्यक्ष बसणं कसं असतं ते सांगते. दोन-तीन जणांच्या हकिकती एकत्र करून, खुणा बदलून. २०२१ च्या जुलैत सत्तरी-डिचोलीकडे पूर आला तो तुम्हालाही आठवत असेल. नदीकाठचा एक शेतकरी, पन्नाशीचा. रात्री पाणी घरात शिरलं. त्याने आईला माळ्यावर चढवलं आणि गोठ्यात परत आला, पण गाय सोडवता आली नाही. माझ्याकडे आला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. पावसाची पहिली सर आली की तो रात्रभर दारात उभा राहायचा.

आमच्या दोन खुर्च्या समोरासमोर नसतात. एकमेकांच्या बाजूने जाणाऱ्या दोन होड्यांसारख्या, तोंडं उलट दिशांना, म्हणजे माझी बोटं त्याच्या डोळ्यांसमोर येतात पण माझा चेहरा येत नाही. त्याला विचारलं, सगळ्यात वाईट चित्र कुठलं? "गायीचे डोळे." ते चित्र बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? इथे तो मराठीत अडखळला. 'मी कमी पडलो' वगैरे म्हणाला, पण ते दुसऱ्या कुणाचं वाक्य असल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, घरात बोलता तसं बोला. मग लगेच आलं, "म्हाका लागून जालें." माझ्यामुळे झालं. आवाजच बदलला. आपण वाचतो मराठी, पण भीती ज्या भाषेत बसलेली असते ती बऱ्याचदा घरची कोकणी असते, आणि वाक्य त्या भाषेतलंच पकडावं लागतं. त्रास शून्य ते दहामध्ये किती? नऊ. अंगात कुठे? बोटांत.

मग बोटं हलवायला सुरुवात. साधारण अर्धा मिनिट, चोवीसेक फेऱ्या. थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि एकच विचारायचं, "आता काय आलं?" तो जे सांगेल त्यावर मी भाषण करत नाही, समजूत घालत नाही. "बरं, तिथूनच पुढे जाऊ." परत बोटं. (अठरा वर्षं हे करून माझा उजवा खांदा कामातून गेलाय, म्हणून आता दिव्यांची पट्टी वापरते. पण थोडे जण बोटंच मागतात.) पहिल्या दिवशी चिखलाचा वास आला, आईची हाक आली, मग राग आला, सरपंचावर आणि धरणावर. तिसऱ्या बैठकीत एक फेरी संपल्यावर तो स्वतःच्या बोटांकडे बघत गप्प बसला. मग म्हणाला, "दाव्याची गाठ फुगली होती." ओलं दावं फुगतं, गाठ आवळते, गार पाण्यात बोटांना जोर नसतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. त्यालाही माहीत होतं. पण ते ज्ञान एका खोलीत होतं आणि ती रात्र दुसऱ्या खोलीत. त्या दिवशी मधलं दार उघडलं. मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन परत दारात उभा राहिला असता. गावात सगळ्यांनी सांगून झालंच होतं.

शेवटी त्याचं वाक्य झालं, "हांवें जाता तितलें केलें." होईल तेवढं केलं. हे वाक्य किती खरं वाटतं ते आम्ही एक ते सातमध्ये मोजतो. सहावर आलं आणि सहावरच राहिलं. त्रास नवावरून दोनवर आला. शून्य झाला नाही, आणि मी शून्यासाठी ओढाताणही केली नाही. गाय गेली होती, ती खोटी गोष्ट नव्हती. अजूनही मोठा पाऊस असला की तो एकदा उठतो, पाणी कुठवर आलंय बघतो, आणि झोपतो.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल. सगळं इत्थंभूत सांगावं लागत नाही. त्याने मला त्या रात्रीची सलग हकिकत कधीच सांगितली नाही. घरी लिहून काढायचा अभ्यासही नसतो. पण सांगावं लागत नाही म्हणजे भोगावं लागत नाही असं नाही. त्या तासा-दीड तासात रडू येतं, मळमळतं, त्या रात्री स्वप्नं पडतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत आठवणी वर-खाली होत राहतात. हे आधी न सांगणारा एकतर नवखा असतो नाहीतर विक्रेता.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा चालू आहे का? चालू असेल आणि तुमची साक्ष व्हायची असेल, तर उपचार सुरू करण्याआधी वकिलांशी बोला आणि जे आठवतंय ते तारीख घालून लिहून ठेवा. आठवण पुसली जात नाही, पण तिचा झगझगीतपणा जातो, बारकावे धूसर होऊ शकतात. तुम्हाला त्याने हायसं वाटेल, समोरच्या वकिलाला मात्र तो मुद्दा वाटू शकतो.

आता योग. ईएमडीआरसाठी योग लागत नाही, ध्यान लागत नाही, प्राणायामही लागत नाही. ते जोडता येतात, तयारीच्या टप्प्यात काहींना फार उपयोगी पडतात, आणि काहींना नाही. तुम्हाला अनुलोम-विलोमात ट्रक दिसतो यात तुमचं काही चुकत नाही, आणि 'सवय होईल, चालू ठेवा' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. डोळे मिटले की बाहेरचं जग जातं आणि आतलं चित्र मोठं होतं. श्वासाकडे लक्ष गेलं की छातीतली धडधड ऐकू येते. त्या रात्रीही हीच धडधड होती. शरीराला दोन्ही धडधडी सारख्याच वाटतात, ते म्हणतं, आला परत. शवासनाचंही तसंच. खोलीत चार अनोळखी माणसं आणि आपण उताण्या पडलेल्या, हे धसका बसलेल्या माणसाला विश्रांतीचं वाटेलच असं नाही.

म्हणजे योग वाईट का? मुळीच नाही. अमेरिकेत आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ६४ बायकांवरचा अभ्यास छापला. जुना, इतर उपचारांना न जुमानणारा आघात होता त्यांचा. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा एक तास. शेवटी योग करणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त बायका पीटीएसडीच्या व्याख्येतून बाहेर आल्या. दुसऱ्या गटात, ज्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग दिले होते, साधारण पाचांत एक. पण तो योग आपल्या क्लाससारखा नव्हता. डोळे उघडे ठेवायची मुभा, कुणी अंगाला हात लावून आसन सुधारणार नाही, आणि प्रत्येक हालचालीला 'वाटलं तर' जोडलेलं. अपघातात आपल्या हातात काही राहिलेलं नसतं. इथे हात किती वर न्यायचा हे तरी आपण ठरवायचं, मला वाटतं खरा उपचार त्यात आहे. 'अजून खाली वाका, अजून' म्हणत पाठ दाबणारा शिक्षक कितीही नावाजलेला असो, सध्या तुमच्यासाठी नाही.

तुम्ही आत्ता एवढंच करा. खुर्चीत बसा, तळवे फरशीवर, डोळे उघडे, नजर दाराच्या चौकटीवर. श्वास घेण्याकडे लक्ष नको, सोडताना मात्र थोडा लांब सोडा, मोजायची गरज नाही. माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावर लक्ष ठेवणं, तेही बाहेरच्या गोष्टींवर ठेवा. भांडी घासताना पाण्याचा गारवा, नारळ किसताना मनगटाची हालचाल, पत्र्यावरचा पाऊस. आणि भजनाला जात असाल तर जात राहा. ओळ लांबवून म्हणायची तर श्वास आपोआप लांब सुटतो, शिवाय आजूबाजूला माणसं असतात. देवाला गाऱ्हाणं घातलं, कुणी दिष्ट काढली, त्यालाही माझी हरकत नाही. गोळ्या बंद करायला सांगितलं तर मात्र आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. ईएमडीआर त्या चालू असताना होतं.

सात दिवसांच्या पॅकेजबद्दल. सरसकट फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. रोज उपचार करण्याच्या पद्धतीवर नेदरलँड्समध्ये गंभीर काम झालंय. तिथे आठ दिवसांच्या कार्यक्रमात ईएमडीआर, आठवणीला सामोरं जाण्याचा आणखी एक उपचार आणि व्यायाम एकत्र देतात, परिणामही छापलेत. पण तिथे आधी रीतसर निदान होतं आणि एका पेशंटमागे अनेक थेरपिस्ट असतात. माझ्याकडे एक मुलगी आली होती, अशाच कुठल्याशा किनाऱ्यावरच्या निवांत ठिकाणी राहून आलेली. तिथे तिला पहिल्याच संध्याकाळी बोटं दाखवली होती. इतिहास घेतला नव्हता, गोळ्या विचारल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी तिचं लहानपणचं काहीतरी वर आलं, सातव्या दिवशी चेकआउट होतं. थेरपिस्ट परगावची, ती निघून गेली. मुलीला त्यानंतर बसमध्ये चढता येईना. तिच्यासोबत आम्ही जवळजवळ पाच महिने फक्त तयारी करत होतो.

तेव्हा तिथे फोन करून विचारा की उपचार करणारी व्यक्ती कोण आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असते, नंबर मागा आणि तपासा. मानसोपचारतज्ज्ञ असेल तर ती एमबीबीएसनंतर पुढे शिकलेली असते. ईएमडीआरचं प्रशिक्षण वेगळं. अमेरिकेतल्या ईएमडीआर संघटनेच्या निकषाप्रमाणे मूळ प्रशिक्षणात वीस तास शिकवणं, वीस तास सराव आणि दहा तास अनुभवी माणसाच्या देखरेखीखालची चर्चा असते. शनिवार-रविवारच्या एका ऑनलाइन कोर्सवर 'ट्रॉमा हीलर' झालेल्यांशी योग करा हवा तर, आठवणी उघडू नका. आणि विचारा, आठव्या दिवशी मला त्रास झाला तर मी कुणाला फोन करू? उत्तरात नाव आणि वेळ मिळाली तर ठीक. 'तसं काही होत नाही' असं ऐकलंत तर पैसे भरू नका.

तुमच्या जागी मी असते तर जवळपास, आठवड्यातून एकदा, घरून जाऊन येण्याजोगं बघितलं असतं. तुमची भीती घरापासून दोन वळणांवर आहे, किनाऱ्यावर नाही. एकाच अपघाताचा आघात असेल तर नाइसच्या अंदाजाप्रमाणे आठ ते बारा बैठका धरतात. काहींना कमी पुरतात. शेवटच्या काही बैठका तर पुढच्याच गोष्टींवर होतात. ताडपत्री काढणं, किक मारून नुसतं उभं राहणं, दिवसाउजेडी ते वळण पायी चालून येणं. पैशांची अडचण असेल तर बांबोळीला आयपीएचबीची, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी इस्पितळाची ओपीडी आहे, गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजही तिथेच. तिथे ईएमडीआर शिकलेलं कुणी आहे का ते विचारा. नसलं तरी आघातावरची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी, हा तितकाच मान्यताप्राप्त उपचार आहे, 'डोळेवाला'च हवा असा हट्ट धरू नका. मध्येच एखाद्या रात्री जगणं नको वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

पहिल्या भेटीला गोळ्यांची चिठ्ठी, चष्मा असेल तर चष्मा, आणि परत घरी नेणारं कुणीतरी सोबत घ्या. भाच्याला बाहेर बसवा हवं तर, त्याला त्या रात्रीचं काय आठवतं हे तुम्ही अजून विचारलेलं नसेल असा माझा अंदाज आहे. लगेच विचारायचं नाही, तुमचं पाणी जरा निवळल्यावर. त्या दिवशी संध्याकाळी कुणाच्या मुंजी-साखरपुड्याला जायचं ठरवू नका, आणि बसने जा.